प्रॅम ठरली, आता कार सीट कोणती?

ताई, नमस्कार.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मला एकतिसावा आठवडा चालू आहे. गेल्या शनिवारी नवऱ्याने प्रॅम पसंत केली आणि आम्ही घेऊनही आलो. खरंच सुंदर आहे. मोठी चाकं, वर बाळाला आडवं झोपवायचा, काढता-घालता येणारा कॅरीकॉट, करडा रंग. दुकानातली मुलगी म्हणाली की अडॅप्टर, म्हणजे जोडणीचा खटका, लावला की बाळाची कार सीटही हिच्यावर खट्कन बसते, झोपलेल्या बाळाला उठवायलाच नको. तेव्हापासून रोज रात्री आम्ही दोघं मोबाइल घेऊन या प्रॅमवर बसणारी सीट शोधतोय. शेवटी भांडून झोपतो.

गाडी २०१५ची टोयोटा यारिस आहे. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लेस्टरची नणंद म्हणते, "आमची सीट माळ्यावर पडून आहे, चांगली महागातली आहे, कशाला पैसे घालवता?" तिचा मुलगा आता सात वर्षांचा आहे. सासूबाई पुण्याहून फोनवर सांगतात, "आम्ही तर तुम्हाला मांडीवर घेऊन रिक्षातून आणलं." आई कोल्हापूरहून बाळंतपणाला येतेय. बारसं बाराव्या दिवशी लेस्टरला, नणंदेच्या मोठ्या घरात करायचं घाटतंय. प्रॅम परत करायची मुदत अजून अठरा दिवस आहे. तर आमच्या प्रॅमला बसेल अशी चांगली सीट कोणती, एवढं एक नाव सांगा ना.

— गोंधळलेली, रेडिंग

प्रिय गोंधळलेली,

तुला 'तू'च म्हणते. एकतिसाव्या आठवड्यात भांडून झोपणाऱ्या मुलीशी अहो-जाहो करणं मला जमायचं नाही.

नाव सांगत नाही, कारण नुसत्या नावाने तुझं काम होणार नाही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. प्रॅमचं वर्णन रंगासकट आहे आणि गाडी मात्र एका ओळीत आटोपलीस. यात तुझी चूक नाही. दुकानात प्रॅमच समोर मांडलेली असते, ढकलून बघता येते, डोळ्यात भरते. मग बाकीचं सगळं आपण तिच्या मापाने शोधायला लागतो. पण ही सीट बसवायची आहे ती यारिसमध्ये. एम-४ महामार्गावर पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर बाळाला धरून ठेवायचं काम तिचं. प्रॅमवर चढणं हा तिचा जोडधंदा, तोही जेमतेम वर्षभराचा. म्हणून तुमचा क्रम उलटा करा. आधी गाडी, मग बाळाचं माप, मग तुमचे जिने, आणि प्रॅम सगळ्यात शेवटी.

हे मी शहाणपणाने बोलत नाहीये, खड्ड्यात पडून बोलतेय. आमच्या थोरल्याच्या वेळी आम्हीही सेट घेतला होता, प्रॅम आणि सीट एकाच रंगाची. "युनिव्हर्सल आहे, सगळ्या गाड्यांना बसते," असं सांगून विकली होती. नोव्हेंबरची संध्याकाळ, पाऊस, हॉस्पिटलचं पार्किंग. मी व्हीलचेअरवर बाळ घेऊन दाराशी, आणि नवरा गाडीच्या मागच्या दारातून अर्धा आत, अर्धा बाहेर. सीटला पट्ट्याने बांधायचं म्हणजे कमरेचा पट्टा सीटच्या पुढून आणि खांद्याचा पट्टा तिच्या पाठीमागून फिरवून आणायचा असतो. आमच्या जुन्या गाडीचा पट्टा सगळा ओढून काढला तरी बक्कलपाशी पोचायला चार बोटं कमी पडत होता. चार बोटं! दुसऱ्या बाजूने करून पाहिलं, तेच. शेवटी मी परत वॉर्डात जाऊन बसले. मित्र त्याची गाडी घेऊन आला तेव्हा घरी गेलो. त्याच्या गाडीत तोच पट्टा चांगला वीतभर उरला. आमच्या प्रॅमवर मात्र ती सीट काय झोकात बसायची!

तर उद्या उजेडात नवऱ्याला घेऊन खाली जा आणि गाडीच्या मागच्या सीटवर पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत बोटं घाल. खिडकीकडच्या दोन्ही जागी कापडाआड दोन-दोन जाड लोखंडी कड्या हाताला लागायला हव्यात. हे आयसोफिक्स. या कड्या गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेल्या असतात. सीटचा बेस त्यांत अडकवायचा, की लाल खूण हिरवी होते. बेस कायम गाडीत राहतो, त्याच्यावर सीट फक्त बसवायची आणि उचलायची. पट्ट्याने बांधलेली सीट नीट बांधली तर तितकीच चांगली, पण रात्री अकरा वाजता, पावसात, रडणाऱ्या बाळासकट ती दर वेळी नीट बांधली जाईल का, हा प्रश्न आहे. म्हणून बेसला माझं मत.

बहुतेक बेसना पुढे एक पाय असतो, तो गाडीच्या तळावर टेकतो. काही गाड्यांत नेमका त्याच जागी तळाखाली सामानाचा कप्पा असतो. वरून जमीन दिसते, आत पोकळ. तिथे गाडीची कंपनी परवानगी देत नसेल तर पाय टेकवायचा नाही. यारिसच्या माहितीपुस्तकात मुलांच्या सीटचं एक पानभर कोष्टक असतं, कोणत्या जागी काय चालतं ते त्यात लिहिलेलं असतं. ते पुस्तक बहुधा ग्लोव्ह बॉक्समध्ये सर्व्हिसच्या पावत्यांखाली सापडेल. सीट बनवणाऱ्यांच्या साइटवरही गाडीचं मॉडेल, वर्ष आणि दारांची संख्या टाकून यादी बघता येते. यारिस २०१५ असं नेमकं सापडलं तरच पुढे जा. 'साधारण बसेल' हे उत्तर धरू नकोस.

आणखी एक गोष्ट कागदावर कळत नाही. बाळाची सीट मागे तोंड करून बसते, त्यामुळे ती लांबीला बरीच जागा खाते. यारिसमध्ये तिच्या पुढची सीट पुढे सरकवावी लागेल. तुझा नवरा सहा फुटी असेल तर बाळ त्याच्या मागे बसवू नका, गुडघे स्टिअरिंगला लागतील. डावीकडे, फुटपाथच्या बाजूला बसवा. उतरवतानाही तीच बाजू बरी. आणि पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, मागे तोंड केलेली सीट कधीच नाही. तो इथे गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते.

आता बाळाचं माप. सीटवर नारिंगी लेबल असतं, त्यावर वर्तुळात मोठा ई आणि त्याच्याशेजारी आकडा. आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा: १ जर्मनी, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन. त्या लेबलवर आर-१२९ लिहिलेली सीट घे. हा २०१३पासूनचा नियम. त्यात सीट बाळाच्या उंचीवर ठरते, बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी होते, आणि निदान पंधरा महिने बाळाचं तोंड मागेच ठेवायचं असतं. जुन्या आर-४४ नियमाची सीट वापरणं इथे बेकायदा नाही, पण विकत घ्यायचीच तर नव्या नियमाची घे. उंचीचा खालचा आकडा वाच. काही सीट ४० सेंटिमीटरपासून चालतात, काही ४५ पासून. पूर्ण दिवसांचं बाळ साधारण ५० सेंटिमीटरचं असतं, पण आपल्याकडची बाळं कधी अडीच किलोचीही येतात, कधी दोन आठवडे आधी. मी ४० ची घेईन. वरची मर्यादा बहुतेकांची १३ किलो किंवा ऐंशीच्या पुढेमागे सेंटिमीटर, त्यातलं जे आधी गाठेल ते.

इथे नणंदेच्या सीटचा विषय येतो. अवघड जागी दुखणं आहे, मला कळतं. नणंद खोटं बोलणार नाही, पण सात वर्षांपूर्वी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कुणी मागून ठोकलं होतं का, हे तिला आज आठवेल? धडक बसलेली सीट बाहेरून अगदी धडधाकट दिसते, तडा आत गेलेला असतो. माळ्यावर सात उन्हाळे, सात हिवाळे. माहितीपुस्तक बहुधा गेलेलं. बेस वेगळा, तो तिच्या गाडीबरोबर विकलाही गेला असेल. इथल्या अपघात टाळण्याचं काम करणाऱ्या रोस्पा या संस्थेचं सांगणं असं, की जुनी सीट घ्यायचीच तर घरच्यांकडूनच, इतिहास पक्का ठाऊक असेल तर, पुस्तक असेल तर आणि फार जुनी नसेल तर. तुझ्या बाबतीत यातलं एकच खरं आहे, ते म्हणजे घरचं माणूस. ऑनलाइन अनोळखी माणसाकडून घेऊ नकोस हे तर वेगळं सांगायला नको. आणि न्यू जर्सीच्या कुणी मावशीने तिकडून सीट आणायची तयारी दाखवली तर तिलाही गोड नकार दे. अमेरिकन सीटवर हे नारिंगी लेबल नसतं, ती इथे चालत नाही.

पैशांचं म्हणशील तर सीट घेताना तिच्यावरचा व्हॅट ५ टक्के आहे, प्रॅमवर २०. सरकारलाही कुणाला आधी घ्यायचं ते कळलेलं दिसतंय.

जिने. हा तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द, आणि तुला तो महत्त्वाचा वाटला नसावा. या बाळसीटचं रिकामं वजन चार ते पाच किलो. त्यात चार किलोचं बाळ. दुकानात रिकामी सीट कोपरात अडकवून मिरवणं सोपं असतं. बाळंतपणानंतर दुसऱ्या आठवड्यात, दुसऱ्या मजल्यावर, एका बाजूला कलंडत नऊ किलो चढवून बघ. सिझेरियन झालंच तर पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नकोस असं दवाखान्यातूनच सांगतात, म्हणजे सीट उचलणं संपलंच. म्हणून जाहिरातीत दिसतं तसं सीटसकट बाळ गाडीतून प्रॅमवर, प्रॅमवरून घरात, हे तुमच्या घरी चालणार नाही. सीट गाडीतच ठेवायची आणि बाळ हातात घेऊन किंवा झोळीत बांधून वर जायचं. प्रॅमचा सांगाडा डिकीत. तळमजल्याच्या जिन्याखाली ठेवायचा विचार असेल तर आधी घरमालकाला विचार. आगीच्या नियमांमुळे सामायिक वाटेत सामान ठेवू देत नाहीत बऱ्याच ठिकाणी.

आणि डिकी! यारिसची डिकी २८६ लिटरची. तुझ्या प्रॅमची चाकं मोठी आहेत असं तूच लिहिलंस. सांगाडा घडी करून आत गेला, तर वर कॅरीकॉट राहतो का? कॅरीकॉट राहिला तर आठवड्याचा बाजार कुठे? ही एक गोष्ट अठरा दिवस संपायच्या आत बघून टाक. चाकांना चिखल लागला की दुकान परत घेताना नाक मुरडेल, म्हणून फ्लॅटच्या पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरून घडी घालून बघ. नाही बसली तर प्रॅम बदला. रंग करडाच मिळेल, काळजी नको.

जिन्यांवरून तुला दोन वेगळे पर्याय सुचवले जातील. पहिला, डूना. सीटच्या पोटात चाकं असतात, बाहेर काढली की तीच बाबागाडी. लंडनमध्ये ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने जाणाऱ्या, घरात लिफ्ट असलेल्या आणि सारख्या टॅक्सीत बसणाऱ्या लोकांना फार सोयीची आहे ती. पण तिचं वजन सात किलोच्या वर जातं, ती तुझ्या प्रॅमवर बसत नाही, आणि बाळ तिच्यात अर्धवट बसलेलंच राहतं. दुसऱ्या मजल्याला ती नको. दुसरा पर्याय म्हणजे जन्मापासून चार वर्षांपर्यंत चालणारी, गाडीत जागच्या जागी गोल फिरणारी सीट. ती जड असते, गाडीतून निघतच नाही, प्रॅमवर चढायचा प्रश्नच नाही. तुमची एकच गाडी असेल आणि तुम्ही फक्त शनिवार-रविवार बाहेर पडत असाल तर हा पर्याय खरंच विचार करण्यासारखा आहे, पैसेही वाचतात. मात्र छोट्या बाळाला ती कशी धरते हे बाळासारख्या वजनाची बाहुली ठेवून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. मला विचारशील तर मी तुमच्यासाठी हलकी बाळसीटच निवडेन, आणि तीही अशी की बेसवरही बसते आणि नुसत्या पट्ट्यानेही बांधता येते. कारण आई इथे असताना मिनीकॅब होईल, लेस्टरला नणंदेची गाडी होईल, पुढे पुण्याला जाल. काही सीट फक्त बेसवरच चालतात. दुकानात हे नेमके शब्द वापरून विचार.

आता शेवटी तुझी प्रॅम. ती वाईट नाही निवडलेली, नवऱ्याला सांग. कॅरीकॉट आहे हा तिचा मोठा गुण. सीट प्रॅमवर बसवायला सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना अडॅप्टर लागतात, आणि ते बहुधा वेगळे विकत घ्यावे लागतात. मॅक्सी-कोसी कंपनीच्या सीटचा खटका या धंद्यात इतका रुळलाय की सायबेक्स, न्यूना या कंपन्यांच्या बाळसीटही बऱ्याच प्रॅमवर त्याच अडॅप्टरवर बसतात. म्हणून एका कंपनीची प्रॅम आणि दुसरीची सीट, यात बिघडत काही नाही. ब्रिटॅक्स रोमरचा खटका निराळा आहे. पण या माझ्या वाक्यावर पैसे घालू नकोस. प्रॅमच्या कंपनीची यादी उघड आणि तुझ्या प्रॅमचं पूर्ण नाव, तिच्या सांगाड्यावरचा मॉडेल क्रमांक आणि साल बघून सीटचं नाव त्यात आहे का ते पाहा. एकाच नावाच्या प्रॅमची जुनी आणि नवी आवृत्ती असते आणि अडॅप्टर बदललेला असतो. पुरवठादाराच्या फोटोखाली 'सगळ्यांना बसतो' असं लिहिलेले स्वस्तातले अडॅप्टर नकोत. खटका दोन्ही बाजूंनी वाजला पाहिजे. मग सीटचं हँडल धरून वर उचलून बघायचं, सांगाडा पण उचलला गेला म्हणजे ती बसली. एका बाजूचा खटका वाजला आणि दुसरा वाजल्यासारखा वाटला, असं फसवं अर्धवट बसणं मी पाहिलंय, फुटपाथची कड लागली की सीट डुलायला लागते. शिवाय अडॅप्टर लावलेले असताना प्रॅमची घडी होते का? काहींची होत नाही. मग डिकीपाशी उभं राहून ते काढा, खिशात ठेवा, पुढच्या वेळी शोधा.

आणि आता ती दुकानातल्या मुलीची मुख्य लालूच: झोपलेलं बाळ उठवायलाच नको. दहा मिनिटं औषधाच्या दुकानात जायचं असेल तर ठीक, उचल सीट आणि लाव प्रॅमवर. पण दीड तास सीटमध्ये झोपवून बाजारभर हिंडवायला ती सीट नाही. नवजात बाळाची मान धरत नाही, अर्धवट बसलेलं असलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची नळी दुमडते. २०१६ साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी वेळेआधी जन्मलेली आणि पूर्ण दिवसांची, अशी दोन्ही प्रकारची बाळं अर्धा तास सीटमध्ये ठेवून, गाडीसारखे हादरे देऊन पाहिली. आडवं झोपवल्यापेक्षा त्यांच्या हृदयाचे ठोके आणि श्वास वाढलेले दिसले, ऑक्सिजन उतरलेला दिसला. म्हणून इथले लोक सांगतात की सलग दोन तासांच्या वर नको, आणि पहिल्या काही आठवड्यांत अर्ध्या तासाच्या आसपासच. गाडीत सीट नको असा याचा अर्थ मुळीच नाही. गाडीत सीटच, बाहेर आल्यावर कॅरीकॉट. काही सीट प्रॅमवर चढवल्यावर सपाट पसरतात, काही तर गाडीतही बऱ्याच आडव्या होतात. खर्च झेपत असेल तर चांगली सोय आहे. पण 'सपाट होते' म्हटलं की गाडीत की फक्त बाहेर, ते विचारून घे, कारण पुष्कळदा उत्तर 'फक्त बाहेर' असतं.

मग तूच सांग, बारा दिवसांचं बाळ घेऊन रेडिंग ते लेस्टर दोन तास जायचं कसं? वाटेत दोनदा थांबून, बाळ काढून, आडवं करून, पाजून, परत बांधून. तुझे टाके, तुझी कंबर, आणि वर ट्रॅफिक. मी तर म्हणेन नणंदेलाच तिकडून बोलाव, बारसं तुमच्या दोन खोल्यांत करा, पाळणा नाही तर कॅरीकॉटलाच झेंडूची माळ बांधा. कॅरीकॉट त्यासाठीच घेतलाय असं समज. मोठा कार्यक्रम तीन महिन्यांनी लेस्टरला होऊ दे.

आई येतेय ते फार छान. पण एक गोष्ट तिला आधीच सांगून ठेव, नाहीतर हॉस्पिटलच्या दारात वाद होईल. आपल्याकडे बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळून, टोपडं घालून, वर स्वेटर, वर शाल असं पुडीसारखं बांधून आणतात. सीटच्या पट्ट्यांपैकी एक पट्टा पायांमधून वर येतो. दुपट्यात पाय बांधलेले असले तर तो पट्टा लागणारच नाही. आणि जाड कपड्यावरून पट्टे ओढले तर घट्ट वाटतात, पण धडकेत कापूस दबतो आणि पट्टा सैल पडतो. म्हणून पाय मोकळे राहतील असा साधा सूट, पातळ टोपी, खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघालेले, आणि छातीवर जेमतेम एक-दोन बोटं जातील इतके घट्ट. मग वरून आईने कोल्हापूरहून आणलेली गोधडी पसर. थंडीही नाही आणि आईही नाराज नाही.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांची रिक्षा वीस-पंचवीसच्या वेगाने जात होती आणि त्यांना दुसरा पर्यायच नव्हता. पण पुण्याला गेल्यावर तोच प्रश्न परत येणार, तेव्हा हळूच सांग की २०१९च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर भारतातही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. म्हणून तर मी पट्ट्याने बांधता येणारी सीट म्हणाले. पुण्याच्या कॅबमध्ये बेस नसतो, पट्टा असतो. फक्त विमानतळावरून निघायच्या आधी कॅबवाल्याला मागचा पट्टा सीटच्या खाली गेलेला काढायला लाव. तो नेहमी खाली गेलेला असतो.

मिनीकॅबचं अजून एक. इथला कायदा टॅक्सीत सीट नसेल तर बाळाला मागे तसंच घेऊन बसायची मुभा देतो. मुभा आहे म्हणून घेऊ नकोस. नवरा कामावर असताना घरी यायची वेळ आली तर सीट बरोबर ठेव.

या शनिवारी एवढं करा. गाडी घेऊन अशा दुकानात जा जिथे पार्किंगमध्ये येऊन सीट बसवून दाखवतात. अशी दुकानं आहेत, गाड्यांचं सामान विकणाऱ्या हॅल्फर्ड्समध्येही ही सोय असते, आधी वेळ घेऊन जा. दोन-तीन सीट तुमच्याच यारिसमध्ये लावून बघा. त्यांनी बसवली की ती काढायला सांग आणि मग तुम्ही दोघांनी, दोघांनीही, एकेकदा बसवा. पट्ट्याने बसवताना पट्टा जिथून जातो त्या खुणा निळ्या असतात, त्या सगळ्या सापडल्या पाहिजेत. जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवा, तिथे ती हलता कामा नये. हँडल कोणत्या जागी ठेवून गाडी चालवायची हे प्रत्येक सीटचं निराळं असतं, तेही तिथेच विचारा. हॉस्पिटलच्या मिडवाइफवर विसंबू नका. त्या बाळ सीटमध्ये बघतील, पण गाडीत सीट लावून देणं त्यांचं काम नाही. मग घरी तीन किलो कणकेची पिशवी दुपट्यात गुंडाळून दोन संध्याकाळी तालीम करा. हसू येईल, येऊ दे. पावसातल्या पार्किंगमध्ये हात आपोआप चालतात.

सीट ठरली की मग प्रॅमची यादी उघड. तिचं नाव त्यात असेल तर अडॅप्टर घ्या. नसेल आणि सीट गाडीत उत्तम बसत असेल, तर अडॅप्टरशिवायही तुमचं काहीच अडणार नाही, कॅरीकॉट आहेच. आणि डिकीच्या कसोटीत प्रॅमच नापास झाली, तर अठरा दिवसांत ती बदलताना ठरलेल्या सीटचं नाव घेऊन जा.

तुझी,
ताई

ता. क. नणंदेला नुसता नकार देऊ नकोस, मागण्यासारखं बरंच असतं तिच्याकडे. अंघोळीचा टब, बाउन्सर, खेळणी, सहा महिन्यांपर्यंतचे कपडे आणि असलाच तर लाकडी पलंग. फक्त पलंगाची गादी नवी घे.